कीट सील : वीस जणांच्या यादीत दोन नावे

ॲरिझोनातील चॅंडलर येथे राहायला येऊन आम्हाला अठरा वर्षे झाली होती, तरी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील कीट सील हे कड्याच्या कपारीत वसलेले प्राचीन गाव पाहण्याचा योग येत नव्हता. पाहुणे आले की ग्रॅंड कॅन्यनला आपण जातोच. कीट सीलला मात्र पाहुण्याला सहज नेता येत नाही. तेथे मोटार पोहोचत नाही. जाऊन-येऊन १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, दरीच्या तळातून चालावे लागते, परवाना आगाऊ काढावा लागतो आणि एका दिवसात जास्तीत जास्त वीस जणांनाच तो मिळतो. त्यामुळे साताऱ्याचे माझे थोरले बंधू, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, २०१८ च्या उन्हाळ्यात वहिनींसह येणार असे ठरले, तेव्हा ‘तुमच्याकडे जुने बांधकाम पाहण्यासारखे काय आहे?’ या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला मी कीट सीलचे नाव सांगितले आणि वर त्यांच्या गुडघ्यांची चौकशीही केली.

तयारी

कीट सील, बेटाटाकिन आणि इन्स्क्रिप्शन हाउस या तीन जुन्या वस्त्या मिळून ‘नवाहो नॅशनल मॉन्युमेंट’ हे राष्ट्रीय स्मारक होते. या नावाने पहिला गोंधळ होतो तो असा की, ही गावे नवाहो या मूळ अमेरिकी जमातीने बांधलेली नाहीत. ती पुएब्लो, म्हणजे या भागात गावे वसवून राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या, तेराव्या शतकातील पूर्वजांची आहेत. आजचे होपी, हेही पुएब्लोच, त्यांना आपले पूर्वज मानतात आणि ‘हिसात्सिनोम’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत याच लोकांसाठी ‘अनासाझी’ हा शब्द सर्रास येतो. तो नवाहो भाषेतला असून त्याचा अर्थ ‘परक्यांचे पूर्वज’ किंवा ‘प्राचीन शत्रू’ असा काहीसा होतो, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना शेजाऱ्याने दिलेले हे नाव होपींना आवडत नाही, हे उघड आहे. नवाहो, म्हणजे स्वतःच्या भाषेत ‘दिने’, या भागात नंतर आले. पण आज सभोवतालची सारी भूमी त्यांची आहे.

दुसरी गोष्ट नकाशा नीट पाहिल्यावर लक्षात आली. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात येथे तीन तुकड्यांत मिळून अवघी ३६० एकर जमीन आहे. माहिती केंद्र ज्या जागेवर उभे आहे, तीही नवाहो राष्ट्राशी, म्हणजे या जमातीच्या स्वशासित प्रदेशाशी, झालेल्या कराराने वापरली जाते, आणि कीट सीलची वाट जवळजवळ पूर्णपणे नवाहो कुटुंबांच्या चराऊ रानांतून जाते. आपण सरकारी उद्यानात फिरत नसून कोणाच्या तरी शेतातून देवळाकडे जाणाऱ्या पायवाटेने चाललो आहोत, असे समजूनच सारे नियोजन करावे लागते. नवाहो राष्ट्राचा प्रदेश सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाच्या जवळपास. आणि या जवळजवळ साऱ्या प्रदेशात दारू बाळगण्यास वा विकण्यास बंदी आहे. ड्रोन आमच्याकडे नव्हताच, पण दादांच्या भाच्याने तो देऊ केला होता, तो नम्रपणे परत केला.

महिना निवडताना फार विचार करावा लागला नाही. कीट सीलचा हंगाम उन्हाळ्यापुरताच असतो आणि जुलैपासून तेथे वळिवासारखा पाऊस सुरू होतो. आपल्या डोक्यावर निळे आकाश असताना वर कोठेतरी कोसळलेल्या सरीचे पाणी अरुंद दरीतून अचानक लोंढ्याने येते, त्यामुळे जून हा त्यातल्या त्यात निर्धास्त महिना. मी फेब्रुवारीत स्मारकाच्या कार्यालयाला दूरध्वनी केला आणि ९ जून, शनिवार, या दिवसाच्या यादीत दोन नावे घातली. परवान्याला शुल्क नव्हते. मुक्काम कीट सीलजवळच्या तळावर एका रात्रीचा. माझी पत्नी आणि वहिनी त्या दिवशी केयंटा गावी राहून मॉन्युमेंट व्हॅली पाहणार होत्या. दादांनी मार्चपासून रोज पहाटे अजिंक्यतारा चढण्याचा परिपाठ ठेवला आणि एप्रिलमध्ये पाठीवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन बांधून चढू लागले. किल्ल्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींत त्यावरून बरीच चर्चा झाली, असे वहिनी म्हणाल्या.

पाण्याचे गणित हाच या वाटेचा कळीचा मुद्दा आहे. ओढ्याला पाणी असते, पण त्यात गुरे-मेंढ्या उतरतात, म्हणून ते पिण्याजोगे धरत नाहीत आणि माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी स्वतः वाहून न्यावे, असे सांगितले जाते. दोन दिवसांचे आठ लिटर म्हणजे पाठीवर नुसते पाणीच आठ किलो. त्यामुळे तंबू सर्वांत हलका, स्वयंपाकाला फाटा आणि शिधा म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गुळाच्या वड्या, असे ठरले. हे सारे नियोजन मी एका वहीत तासावार लिहून काढले होते. त्यात एक घोडचूक होती, ती दुसऱ्या दिवशी उघडकीस आली.

पहिला दिवस : गुरुवार, ७ जून

सकाळी चॅंडलर सोडले आणि फ्लॅगस्टाफच्या पाइन वृक्षांपर्यंत चढून पुन्हा रंगीत मातीच्या उजाड माळावर उतरलो. कॅमेरॉननंतर उजवीकडे वळून ट्यूबा सिटीची वाट धरली, तशी गाडीतल्या रेडिओवर विंडो रॉकहून प्रसारित होणारे केटीएनएन हे केंद्र लागले. निवेदक नवाहोत अखंड बोलत होता आणि मधूनच ‘ट्रीटी’ असा एखादा इंग्रजी शब्द कानावर पडत होता. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्के रेडोंडो येथे नेऊन डांबले होते. १ जून १८६८ रोजी झालेल्या कराराने ते आपल्या भूमीत परत आले, आणि त्या कराराला नुकतीच दीडशे वर्षे पूर्ण झाली होती.

ट्यूबा सिटीत जेवायला थांबलो. फ्राय ब्रेड आणि मटणाचा रस्सा मागवला. फ्राय ब्रेड म्हणजे जाड, फुगलेली, ताटाएवढी पुरी. वहिनींनी एक घास घेऊन ‘भटुराच की हा, फक्त आंबवलेला नाही’ असा निर्वाळा दिला. हा पदार्थ त्या बंदिवासात शिधा म्हणून मिळालेल्या मैद्यातून आणि चरबीतून जन्माला आला, असे मी सांगितल्यावर त्यांनी उरलेला तुकडा कागदात बांधून घेतला. वाया घालवणे त्यांना बरे वाटले नाही.

पुढे रस्त्याच्या कडेला हत्तीच्या पायांसारखे दोन वालुकाश्माचे खांब लागले आणि मग डावीकडच्या ५६४ क्रमांकाच्या फाट्यापाशी एकदम कोळशाचे उंच कोठार आणि रस्ता ओलांडून जाणारा वाहक पट्टा दिसला. ब्लॅक मेसा या सपाट माथ्याच्या पठारावरच्या (‘मेसा’ म्हणजे असे पठार) खाणीतला कोळसा येथून विजेच्या रेल्वेने पेजच्या औष्णिक केंद्राकडे जात असे. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, खाण आणि केंद्र दोन्ही बंद झाली. आम्ही त्या फाट्याला न वळता वीस मैल पुढे केयंट्याला मुक्कामी गेलो. तेथील बर्गर किंगमध्ये दुसऱ्या महायुद्धातील नवाहो सांकेतिक संदेशवाहकांचे छोटे प्रदर्शन आहे. आपली भाषा शत्रूला उलगडू न देणारे ते सैनिक आणि शेजारी बटाट्याच्या फोडींचा वास, असे ते विचित्र संग्रहालय दादांनी मात्र फलकन् फलक वाचून पाहिले.

दुसरा दिवस : शुक्रवार, ८ जून

वहीप्रमाणे या सकाळी रेंजरसोबत बेटाटाकिनच्या पायथ्यापर्यंत जायचे होते. माहिती केंद्राशी पोहोचलो तेव्हा माझ्या मनगटावर वेळ व्यवस्थित होती. मात्र तुकडी निघून तासभर होत आला होता. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाही, नवाहो राष्ट्र करते, आणि नवाहोंनी वेढलेले होपी राष्ट्र पुन्हा करत नाही; त्यामुळे आदल्या दिवशी ज्या ट्यूबा सिटीत आम्ही जेवलो, तेथे रस्ता ओलांडून होपींच्या मोएन्कोपीत गेले की तास मागे सरकतो. हे मला अठरा वर्षे ठाऊक होते. तरीही केयंट्यात फोन एक तास पुढे दाखवतो आहे, असे वहिनींनी रात्रीच सांगितले, तेव्हा ‘फोनला सिग्नल नीट मिळत नसेल’ असे मीच ठामपणे म्हणालो होतो. त्या दिवसभर वहिनी माझ्याशी बोलण्याआधी दर वेळी ‘कोणत्या वेळेप्रमाणे?’ असे विचारत राहिल्या.

चुकलेल्या फेरीच्या बदल्यात आम्ही सॅंडल ट्रेल या छोट्या पक्क्या वाटेने कड्याच्या टोकाशी गेलो. तेथून दरीपलीकडे बेटाटाकिन समोर दिसते. दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय त्याची प्रमाणे कळत नाहीत. ज्या कमानीखाली ते गाव वसले आहे, ती ४५२ फूट उंच आणि ३७० फूट रुंद आहे, आणि तिच्या तळाशी चिकटलेल्या सव्वाशेच्या आसपास खोल्या काडेपेट्यांसारख्या दिसतात. वरच्या नवाहो वालुकाश्मातून झिरपणारे पाणी खालच्या अभेद्य थरापाशी अडते, बाहेर पडताना दगड सैल करते, हिवाळ्यात गोठून तो फोडते आणि अशी कमान हळूहळू कोरली जाते. म्हणजे जे पाणी घराला छप्पर देते, तेच खाली झऱ्याच्या रूपाने प्यायला मिळते. कमानीचे तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्यातला खालून येणारा सूर्य थेट घरात शिरतो, उन्हाळ्यातला माथ्यावरचा सूर्य बाहेरच राहतो. ‘जागा ज्याने निवडली, त्याने आधी इथे वर्षभर बसून ऊन पाहिलेलं आहे,’ असे दादा म्हणाले.

त्यांचे बोलणे वस्तुस्थितीच्या फार जवळ जाते, आणि हे कळते ते लाकडावरून. ए. ई. डग्लस नावाचे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरील डागांच्या चक्राचा माग झाडांच्या वर्षवलयांत शोधत होते. ओल्या वर्षी वलय रुंद पडते, कोरड्या वर्षी अरुंद. या रुंद-अरुंद रेघांचा क्रम एका प्रदेशातील सर्व झाडांत सारखा असतो. जिवंत झाडांपासून मागे जाणारी मालिका आणि जुन्या घरांच्या तुळयांतील तुटक मालिका यांना जोडणारा ओंडका त्यांना १९२९ मध्ये ॲरिझोनातील शो लो येथे सापडला, आणि एका फटक्यात या भागातील अनेक प्राचीन गावांच्या वयाची वर्षे ठरली. पुढे १९६० च्या दशकात जेफ्री डीन यांनी बेटाटाकिनची जवळजवळ खोलीन् खोली तपासली. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे १२६७ च्या सुमारास मोजक्या कुटुंबांनी येथे घरे घातली. १२६९ मध्ये आणि पुन्हा १२७२ मध्ये झाडे एकत्र तोडून ती रचून ठेवली गेली. आणि १२७५ मध्ये, त्या साठवलेल्या लाकडातून, गावाचा मोठा भाग भराभर उभा राहिला. येणारे लोक कोण, किती आणि केव्हा येणार, हे सहा वर्षे आधी ठरलेले होते. बेटाटाकिनच्या तुळयांवरील शेवटचे वर्ष १२८६ आहे. १३०० च्या सुमारास तेथे कोणी राहत नव्हते.

माझ्या वहीतल्या तासावार आराखड्याकडे दादांनी याच क्षणी एक कटाक्ष टाकला. बोलले काही नाहीत.

दुपारी कीट सीलला जाणाऱ्यांसाठी सक्तीचे माहितीसत्र होते, त्याला आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसलो. सत्र घेणाऱ्या रेंजर बाई नवाहो होत्या. त्यांनी बोलण्याच्या आरंभी आपले नाव, मग आईचे कुळ, मग वडिलांचे, मग आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे अशी चार कुळे सांगितली. नवाहोंत ओळख अशीच करून देतात. नंतर प्रत्येकाला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले, तेव्हा शिकागोहून आलेल्या जोडप्याने शहराचे नाव सांगितले आणि दादांनी उभे राहून आडनाव, मूळ गाव, आजोळ आणि पालीचा खंडोबा हे कुलदैवत असे क्रमाने सांगितले. मी भाषांतर करीत होतो. बाई पहिल्यांदा मनापासून हसल्या.

सूचना मोजक्या आणि स्पष्ट होत्या. पांढऱ्या टोकाच्या खुणेच्या खांबांमागून जावे, बाजूच्या दऱ्यांत वळू नये, कारण तेथे लोकांची घरे आणि वाडगी आहेत. माणसांचे, होगानचे (नवाहोंच्या पारंपरिक घराचे) वा जनावरांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. ओढ्यात काही ठिकाणी चोरवाळू आहे, पाय रुतला तर घाबरून उपसू नये, मागे झुकून हळूहळू सोडवावा. आणि जमिनीवर पडलेला खापराचा तुकडा उचलून पाहिला तरी त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा.

तिसरा दिवस : शनिवार, ९ जून

पहाटे साडेपाचला, नवाहो वेळेप्रमाणे, त्सेगी पॉइंटवरून निघालो. वाट आरंभीच सुमारे हजार फूट खाली उतरते. आधी खडकातल्या वळणांनी आणि शेवटी वाळूच्या लांब उतारावरून, ज्यावर उतरताना मौज वाटते आणि त्याच वेळी परतीचा विचार मनात डोकावतो. तळाशी त्सेगीचा ओढा. ‘त्सेगी’ हा नवाहो भाषेतील ‘त्सेयी’ या शब्दाचा अपभ्रंश, अर्थ ‘खडकाच्या आत’. आणि शंभर मैलांच्या आत असलेल्या प्रसिद्ध कॅन्यन द शेच्या नावातले ‘शे’ हेही स्पॅनिश तोंडातून फिरून आलेले तेच रूप आहे.

पुढचे पाच तास एका वाक्यात सांगता येतील इतके सारखे होते: लाल कडे, पायाखाली वाळू, आणि तोच ओढा या काठावरून त्या काठावर ओलांडणे. मी तिसाव्या ओलांडणीनंतर मोजणे सोडले. पहिल्या दोन वेळा बूट काढले-घातले, मग ओल्याच बुटांनी चाललो. एका ठिकाणी दादांचा डावा पाय पोटरीपर्यंत गेला. खालची वाळू थलथल हलत होती आणि मी धावणार तोच ते हात वर करून म्हणाले, ‘थांब, तू आलास तर दोघं जाऊ.’ त्यांनी काठी आडवी टाकली, तिच्यावर भार दिला, मागे रेलले आणि मिनिटभरात पाय बाहेर आला. बूट मात्र कोपरापर्यंत हात घालून शोधावा लागला. लहानशा धबधब्यांपाशी वाट काठावर चढते. एका वळणावर घोडी आणि तिचे शिंगरू वाटेतच उभे होते. ती बाजूला होईपर्यंत आम्ही थांबलो.

दुपारी एकच्या सुमारास ओकच्या झाडीतला तळ लागला. सावलीत दशम्या खाल्ल्या, बूट उन्हात टाकले. गावाजवळ हंगामात एक रेंजर मुक्कामाला असतात आणि त्यांच्याविना आत जाता येत नाही. चार वाजता त्यांनी आम्हाला आणि शिकागोच्या जोडप्याला बोलावले. एका वेळी मोजकीच माणसे वर जातात. खडकाला टेकवलेल्या उंच शिडीने आम्ही चढलो आणि कपारीच्या ओट्यावर पाऊल टाकले.

बेटाटाकिन दुरून पाहिले होते, म्हणून असेल, पण येथे पहिली जाणीव झाली ती आकाराची नाही, जवळिकीची. दीडशेहून अधिक खोल्या, मधून गल्ल्या, गोल किवा नावाचे विधींचे तळघरवजा कक्ष, आणि सर्वत्र वापरलेल्या घराच्या खुणा. भिंतीच्या गिलाव्यात बोटांचे ठसे. कोपऱ्यात दाणे काढलेली, करंगळीपेक्षा थोडी मोठी मक्याची कणसे. दारालगत झिजून खोलगट झालेला पाटा. पायाखाली शेकडो खापरे, काही पांढऱ्यावर काळ्या नक्षीची, काही नारिंगी अंगाची. ‘कीट सील’ हे नाव ज्या नवाहो शब्दावरून आले, त्याचा अर्थच ‘फुटलेले, विखुरलेले घर’ असा आहे. होपी या गावाला ‘कावेस्तिमा’, म्हणजे उत्तरेचे गाव, म्हणतात.

दादा एका अर्ध्या पडलेल्या खोलीपाशी थांबले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. दोन जाड तुळया, त्यांवर आडवे वासे, त्यांवर बारीक काटक्यांचा थर, त्यावर साल व गवत, आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. ‘अरे, हे माळवद आहे,’ ते म्हणाले. ‘माणात आपल्या आत्याचं घर होतं ना, अगदी तेच. फक्त तिथे वर खारी माती असायची.’ मग त्यांना थांबवणे कठीण झाले. काही खोल्यांच्या पुढच्या भिंती दगडाच्या नसून उभ्या काठ्या रोवून, आडव्या बांधून, वर माती लिंपलेल्या होत्या: ‘कुडाच्या.’ एका लहान, खिडकीएवढ्या दाराच्या खोलीत धान्य साठवीत, आणि दार नीट बसणाऱ्या दगडी फळीने बंद करीत: ‘बळद.’ रेंजरना मी या शब्दांचे इंग्रजी देता-देता थकलो. त्यांनी शेवटी वहीत ‘माळवद’ हा शब्द रोमन लिपीत लिहून घेतला आणि तुळईच्या पोटातले बोटभर रुंदीचे, लाकडी बुचाने बंद केलेले एक भोक आम्हाला दाखवले. वर्षवलये मोजण्यासाठी येथूनच नमुना काढला होता.

त्या नमुन्यांवरून कीट सीलची कथा बेटाटाकिनहून निराळी निघाली. येथे काही लाकडे दोन-तीन शतके आधीच्या वस्तीतली, पुन्हा वापरलेली आहेत. १२७२ नंतर गाव झपाट्याने वाढले, पण ते कोणा एका गटाने ठरवून बांधले नाही. वेगवेगळी कुटुंबे वेगवेगळ्या वेळी आली, जागा मिळेल तशी खोल्या जोडत गेली, आणि जातानाही एकदम गेली नाहीत. रिकाम्या झालेल्या खोल्या मागे राहिलेल्यांनी धान्याच्या केल्या. १२७६ ते १२९९ या काळात या प्रदेशात मोठे अवर्षण पडले, हे खरे. पण दादांना त्याहून पटले ते दुसरे कारण. याच सुमारास ओढ्यांनी आपली पात्रे खोल खोदली, भूजल खाली गेले आणि काठच्या मक्याच्या शेतांना ओल मिळेनाशी झाली. आपण सकाळपासून ज्या उभ्या मातीच्या काठांमधून चाललो, तशाच काठांनी हे गाव उठवले असणार. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

होपींच्या मते मात्र हे उठणे म्हणजे पळ नव्हे. त्यांच्या अनेक कुळांचा प्रवास अशा गावांवरून होत दक्षिणेच्या मेसांपर्यंत गेला, आणि ही गावे म्हणजे त्या वाटेवर मुद्दाम ठेवलेली पावले आहेत. प्रवेशापाशी एक प्रचंड ओंडका आडवा पडलेला आहे. त्याच्यावरून पाय टाकताना आमच्यासोबतच्या रेंजर, त्याही नवाहोच, क्षणभर थांबल्या. नवाहोंत मृतांच्या जागी जाणे टाळतात, आणि आपल्या आजीला ही नोकरी मुळीच मान्य नव्हती, असे त्यांनी खाली उतरल्यावर सांगितले. ‘रोज संध्याकाळी मी हात धुऊन आजीची आठवण काढते.’

१८९५ मध्ये रिचर्ड वेदरिल यांनी कीट सील ‘शोधले’, असे सर्वत्र छापलेले आढळते. १९०९ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी स्मारक घोषित केले, आणि त्यानंतर, ऑगस्टमध्ये, बायरन कमिंग्ज आणि जॉन वेदरिल यांना बेटाटाकिन दिसले, तेही वाट माहीत असलेल्या एका नवाहोने नेले म्हणून. १८१९ मध्ये अजिंठ्याचाही असाच शोध लागला होता, हे दादांनी शिकागोकरांना माझ्यामार्फत ऐकवले.

रात्री तंबूबाहेर पडून राहिलो. कड्यांच्या फटीतून दिसणाऱ्या आकाशाच्या पट्टीत इतके तारे होते की ओळखीची नक्षत्रे निवडून काढता येईनात. समोरच्या कपारीत पूर्ण अंधार होता.

चौथा दिवस : रविवार, १० जून

परतीचे वर्णन थोडक्यात उरकतो, कारण ते प्रत्यक्षात थोडक्यात उरकले नाही. आठ मैल वाळू, ओले बूट, माझ्या टाचेला फोड, आणि शेवटी, दहाच्या उन्हात, तो हजार फुटांचा चढ. वाळूच्या उतारावर दोन पावले चढावे तर एक मागे येत होते. दादा अजिंक्यताऱ्याच्या सरावाने माझ्यापुढे वीस मिनिटे पोहोचले आणि वरून पाण्याची बाटली हलवत राहिले. शेवटचा अर्धा लिटर आम्ही वर बसून वाटून प्यायलो. आठ लिटरचा हिशेब बरोबर निघाला, वहीतली तेवढी एकच गोष्ट.

केयंट्यात वहिनी आणि पत्नी वाट पाहत होत्या. मॉन्युमेंट व्हॅलीत एका आजीकडून वहिनींनी हातमागावरचा वहीएवढा गालिचा घेतला होता आणि किंमत एका पैशानेही कमी केली नव्हती, हे त्या अभिमानाने सांगत होत्या. सोमवारी चॅंडलरला परतलो. फ्लॅगस्टाफच्या अलीकडे गाडीतील सर्वांची घड्याळे एकमताने तीच वेळ दाखवू लागली.

दादा ऑगस्टमध्ये साताऱ्याला गेले. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर एक छायाचित्र आले. आमच्या जुन्या घराचे माळवद १९९३ मध्ये उतरवून स्लॅब टाकला, तेव्हाची एक सागवानी तुळई परसात बाकासारखी पडून होती. तिचे टोक त्यांनी रंधा मारून, पॉलिश कागदाने घासून आरशासारखे केले होते आणि दर दहा वलयांनंतर एक टाचणी टोचली होती. खाली लिहिले होते : ‘८४ पर्यंत मोजली. पुढे वाळवीने खाल्ले आहे.’